पावसाळ्यात संपणारे पॅड आणि घाटात मऊ पडणारा ब्रेक

विचारलंय ते थोडक्यात असं. 200 सीसीची ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची गाडी आहे. आठवडाभर कोल्हापूर शहर ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, सुट्टीला राधानगरी-दाजीपूर नाहीतर गगनबावडा. कंपनीतून आलेले पुढचे पॅड बरेच टिकले. नंतर बाजारातून घेऊन बसवलेले मात्र एका पावसाळ्यातच संपत आले. आता ब्रेक दाबला की किरकिर आवाज येतो, आणि परवा करूळ घाट उतरताना खाली पोचेपर्यंत लिव्हर मऊ पडली. पॅड कोणते घ्यावेत आणि ते घरी बदलता येतात का?

घरी नक्की बदलता येतात. पहिल्यांदा करताना एका चाकाला तासभर धरा. पण इथे तीन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत, आणि नवे पॅड बसवून तिन्ही जातील असं समजू नका. पॅड लवकर संपणं हा बहुतेक वेळा कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांचा प्रश्न असतो. आवाजाची कारणं दोन-चार असू शकतात. लिव्हर मऊ पडणं हे ब्रेक ऑइलचं दुखणं आहे, त्याचा पॅडच्या ब्रँडशी संबंध नाही. म्हणून आधी तेच घेतो, कारण जिवावर बेतणारी गोष्ट ती आहे.

घाटात ब्रेक दोन तऱ्हेने दगा देतो आणि हाताला त्या दोन्ही वेगळ्या लागतात. लिव्हर नेहमीसारखी घट्ट आहे, जोर लावला तरी गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापले आहेत. पॅडमधलं रेझिन ठराविक तापमानापुढे वायू सोडतं आणि पॅडची पकड जाते. लिव्हर हँडलपर्यंत खाली जाते, दोन-तीनदा दाबल्यावर थोडी वर येते आणि खाली उतरून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की आपोआप पूर्ववत होते, तर कॅलिपरमधलं ऑइल उकळलंय. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून लिव्हर रिकामी जाते. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकारात बसतं.

घाटात किती उष्णता तयार होते याचा हिशेब सोपा आहे. गाडी, चालवणारा आणि सामान मिळून 250 किलो धरा. ताशी 60 वरून गाडी पूर्ण थांबवली की ब्रेकमध्ये साधारण 35 किलोज्यूल उष्णता जाते. तीच गाडी घाटात उंचीने 100 मीटर खाली आणायला सुमारे 245 किलोज्यूल जिरवावी लागतात. म्हणजे दर 100 मीटर उताराला ताशी 60 वरून सात वेळा गाडी थांबवल्याइतकी उष्णता. हा सगळा भार इंजिनावर न टाकता ब्रेकवर टाकला, त्यात मागे माणूस बसलेला असला, तर पुढची डिस्क कितीही मोठी असली तरी ऑइल तापणारच.

बहुतेक गाड्यांमध्ये डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल असतं. ताज्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळल्यावरचा मानकातला किमान आकडा 155 अंश आहे. सत्तर-पंचाहत्तर अंशांचा हा फरक तुम्हाला घाटाच्या शेवटच्या वळणांवर जाणवतो. कंपन्या साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. गगनबावडा आणि दाजीपूरच्या पावसात फिरणाऱ्या गाडीला मी वर्षातून एकदा सांगेन, आणि तेही पावसाळा संपल्यावर. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या काचेतून ऑइल चहासारखं दिसत असेल तर तारखेची वाट बघू नका. डॉट 5.1 डॉट 4 मध्ये चालतं. नुसतं डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, नावातल्या आकड्याला भुलून ते भरू नका. बाटली नवी आणि सीलबंद घ्या. गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने अर्धी उघडी पडलेली बाटली फुकट मिळाली तरी नको.

आता पॅड. जुने काढलेत की लगेच टाकून देऊ नका. धुवून शेजारी शेजारी ठेवा, बरंच काही त्यांच्यावरच कळतं. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण 4 ते 5 मिलिमीटर असतो. तो 1.5 वर आला की बदलायचा, आणि 1 च्या खाली एक दिवसही चालवायचा नाही. बघताना मागची लोखंडी पट्टी त्या थरात धरू नका. ती पट्टीही तेवढीच जाड असते, आणि राडीने माखलेल्या कॅलिपरमध्ये वरून डोकावून बघणाऱ्याला दोन्ही मिळून ‘अजून भरपूर आहे’ असंच वाटतं.

पिस्टनच्या बाजूचा पॅड पार संपलाय आणि पलीकडचा अजून जाड आहे, असं असेल तर कॅलिपर सरकत नाही. आपल्याकडच्या 200 ते 450 सीसीच्या ड्युअल-स्पोर्ट गाड्यांत पुढे बहुतेक फ्लोटिंग कॅलिपर असतो. पिस्टन एकाच बाजूला असतात. ते आतला पॅड डिस्कवर दाबतात आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना अडकल्या की सगळं काम एकाच पॅडवर येतं. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ, पाचरीसारखा झाला असेल तर एकच पिन अडकलीय किंवा पॅड ब्रॅकेटच्या (कॅलिपर ज्यावर सरकतो त्या भागाच्या) खाचेत नीट बसलेला नव्हता. दोन्ही पॅड सारखेच पण झपाट्याने झिजले असतील आणि चाक उचलून फिरवलं की जड लागत असेल, तर पिस्टन मागे सरकत नाहीत. मागच्या ब्रेकला याचं आणखी एक कारण असतं. पेडलची मोकळी चाल कोणीतरी संपवून टाकलेली असते, किंवा खराब रस्त्यावर उभं राहून चालवताना बुटाचा भार कायम पेडलवर असतो.

राधानगरीच्या पुढची तांबडी माती बारीक असते. पाण्यात कालवली की ती कॅलिपरच्या प्रत्येक फटीत शिरते आणि वाळली की तिथेच धरून बसते. पिनेवरचा छोटा रबरी बूट फाटला असेल तर पहिल्याच पावसात आतलं ग्रीस जातं आणि तिथे गंज व माती उरते. तुमचे बाजारातले पॅड कमी दर्जाचे असतीलही. पण कंपनीचे पॅड टिकले तेव्हा पिनाही नव्या होत्या, हे विसरू नका. अडकलेल्या कॅलिपरमध्ये कितीही महागाचा पॅड घातला तरी तो एका पावसाळ्याचाच सोबती.

पॅड मुख्यतः तीन जातींचे मिळतात. ऑर्गॅनिक पॅड म्हणजे रेझिनमध्ये बांधलेले तंतू आणि भुकटी. तो थंड असतानाही हळुवार पकडतो, डिस्क कमी खातो, आवाज कमी करतो. दगडगोट्यांच्या वाटेवर पुढचा ब्रेक एका बोटाने मोजून मापून दाबायचा असेल तर याची नजाकत खरंच चांगली. पण चिखलपाण्यात तो खडूसारखा झिजतो आणि घाटात लवकर तापून सुटतो. सिंटर्ड पॅड म्हणजे तांबं आणि इतर धातूंची भुकटी दाबून, भट्टीत तापवून एकजीव केलेली. ओल्यात पकड लवकर येते, उष्णता सोसतो, राडीत टिकतो. त्याबदल्यात डिस्क जास्त झिजवतो, थोडा आवाज करतो, आणि धातूचा असल्यामुळे उष्णता पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत पोचवतो. ही शेवटची बाब दुकानात कोणी सांगत नाही. जुन्या ऑइलवर सिंटर्ड पॅड बसवले तर घाटात लिव्हर आधीपेक्षा लवकर मऊ पडू शकते. तिसरा सेमी-मेटॅलिक, दोन्हींच्या मधला. शहरातल्या रोजच्या वापराला तो ठीक आहे.

तुमच्या वापराला माझा सल्ला सरळ आहे: पुढे सिंटर्ड, मागेही सिंटर्ड, आणि त्यासोबत ऑइल नवं. मागचं चाक राडीत जास्त माखतं. पुढच्या चाकाने उडवलेलं आणि साखळीने फेकलेलं सगळं मागच्या कॅलिपरवरच येतं, म्हणून मागे ऑर्गॅनिक टिकतच नाही. गाडी शहराबाहेर क्वचितच जात असती तर पुढे कंपनीचाच पॅड घ्या असं म्हटलं असतं. एक अट मात्र आहे. डिस्क स्टेनलेस स्टीलची हवी. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत ती तशीच असते. एखाद्या जुन्या गाडीला ओतीव लोखंडाची डिस्क असेल तर सिंटर्ड पॅड तिला खाऊन टाकेल.

पॅडच्या पाठीवर कधी कधी एफएफ, जीजी, एचएच अशी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55, एच म्हणजे 0.55 च्या वर. हा दर्जाचा शिक्का नाही आणि टिकाऊपणाशी याचा संबंध नाही. एचएच पॅड जोरात पकडतो एवढंच त्यातून कळतं. हलक्या ड्युअल-स्पोर्टला पुढे बटण-टायर (मोठ्या गोट्यांच्या नक्षीचे) असतील आणि वाट सुट्या खडीची असेल, तर एकदम पकडणारा पॅड चाक लॉक करायला मदतच करतो. जीजी दर्जाचा सिंटर्ड मिळाला तर या वापराला तो जास्त बरा. एक्सपल्स 200 सारख्या गाडीत पुढची डिस्क 276 मिलिमीटरची आणि मागची 220 ची आहे, हिमालयन 411 ला 300 आणि 240. एवढ्या वजनाला एवढ्या डिस्कवर अतिजहाल पॅडची गरज पडत नाही.

घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे की नाही हे सांगा, आणि जुना पॅड खिशात घालून न्या. एकाच कॅलिपरचे पॅड वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालतात, आणि उलट एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलांत फरकही असतो. काउंटरवरच नवा पॅड जुन्याच्या पाठीला पाठ लावून बघा: पिनेची भोकं, कान, बाहेरची रेघ. घासणारा थर लोखंडी पट्टीवर सगळीकडून चिकटलेला हवा, कडेला नख जाईल अशी फट असेल तर तो पॅड परत करा. छपाई पुसट आहे, पार्ट नंबर नाही, बॅच नंबर नाही असं पाकीट घेऊ नका. थर पट्टीपासून सुटून आल्याची उदाहरणं स्वस्त नकली पॅडमध्ये सापडतात, आणि तेव्हा गाडीला त्या चाकाचा ब्रेकच उरत नाही.

कामाला बसण्याआधी सामान जमवा. रिंग पान्हे, ॲलन की, जमलं तर टॉर्क पान्हा. ब्रेक क्लीनरचा डबा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, जुना टूथब्रश, स्वच्छ फडकी, 120 नंबरचा पॉलिश पेपर, इंजेक्शनची सिरिंज, आणि कॅलिपर टांगायला हातभर तार. पेट्रोल, रॉकेल, डिझेल कॅलिपरजवळ आणूच नका. आतली रबरं त्याने फुगतात. साधं चेसिस ग्रीसही त्याच कारणाने पिनांना चालत नाही.

कॅलिपर काट्याला (फोर्कला) घट्ट असतानाच पॅड धरून ठेवणारी पिन अर्धा आटा सैल करा. पिनेच्या तोंडावर बहुतेक वेळा एक छोटं झाकण-स्क्रू असतं, ते आधी काढायचं. कॅलिपर हातात आल्यावर ती पिन सोडवायला गेलं की ॲलन घसरतो, पिनेचं तोंड गोल होतं आणि पुढचा अर्धा दिवस ड्रिल मारण्यात जातो. ॲलन बसवण्याआधी तोंडातली माती सुईने कोरून काढा. पिनेला लॉक-क्लिप असेल तर ती जपून ठेवा, वाकली असेल तर नवी घ्या.

मग हँडलवरच्या टाकीचं झाकण उघडा. आधी वरची धूळ पुसा, मगच उघडा. पिस्टन मागे ढकलले की ऑइल वर येणार, म्हणून सिरिंजने थोडं काढून घ्या. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं पसरा. ब्रेक ऑइल पेंटवर पडलं तर पेंट निघतो, लगेच पाण्याने धुवा. आता कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, कॅलिपर डिस्कवरून अलगद सरकवा आणि तारेने टांगा. होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका. पॅड काढताना कोणता कुठल्या बाजूचा, पत्र्याची स्प्रिंग कशी बसली होती, पॅडमागे पातळ पत्रा होता का, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे द्यायचा ते काम. पॅड झिजत गेले तसे पिस्टन बाहेर आलेले असतात, आणि त्यांच्या उघड्या भागावर पॅडची भुकटी आणि तांबडी माती घट्ट बसलेली असते. बरेच मिस्त्री इथेच स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन थेट मागे दाबतात. ती माती तशीच सीलच्या ओठातून आत जाते, सील चरतं, आणि महिन्याभरात पिस्टन अडकायला लागतो. ब्रेक क्लीनर मारा, टूथब्रशने घासा, मागच्या बाजूला ब्रश पोचत नसेल तर क्लीनरने भिजवलेल्या कापडाची पट्टी पिस्टनभोवती गुंडाळून पुढे-मागे ओढा. चमक दिसेपर्यंत करा. लिव्हर हलकेच दाबून पिस्टन दोन-तीन मिलिमीटर आणखी बाहेर आणलेत तर लपलेली घाणही निघते, पण समोर लाकडाचा तुकडा धरा, नाहीतर पिस्टन निसटून बाहेर पडेल. हवेचा फवारा मारून भुकटी उडवू नका, ती फुप्फुसात जाते.

स्वच्छ झाल्यावर पिस्टन अंगठ्यांनी मागे ढकला. दोन पिस्टन असतील तर दोन्ही एकाच वेळी, कारण एक आत गेला की दुसरा बाहेर येतो. जड लागलं तर जुना पॅड मध्ये ठेवून सपाट पट्टीने सावकाश रेटा, उघड्या पिस्टनला लोखंड लावू नका. तरीही पिस्टन जागचा हलत नसेल, किंवा त्याच्यावर नखाला लागणारा गंजाचा खड्डा असेल, तर थांबा. कॅलिपर उघडून सील किट घालायला लागेल, आणि ते काम पहिल्यांदाच करणाऱ्याने एकट्याने करू नये.

ब्रॅकेट कॅलिपरपासून ओढून वेगळं करा, दोन्ही सरकपिना पुसून बघा. जुनं ग्रीस काळं आणि चिकट झालेलं असेल ते पूर्ण काढा, पिनेच्या भोकातलंही. गंज असेल तर पेपर मारा, खड्डे पडले असतील तर पिन बदला. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. भोक ग्रीसने ठासून भरलंत तर पिन आत जाताना हवा कोंडते आणि कॅलिपर परत बाहेर ढकलला जातो. रबरी बूट फाटला असेल तर तो बदलल्याशिवाय गाडी जोडू नका. एवढुशा रबरावर पुढच्या पॅडचं आयुष्य आहे. जोडून झाल्यावर कॅलिपर एका बोटाने मागेपुढे सरकायला हवा.

डिस्कवर कुठेतरी ‘एमआयएन टीएच’ असं कोरलेलं असतं आणि पुढे आकडा, तो त्या डिस्कच्या कमीत कमी जाडीचा. व्हर्निअर सरळ लावलात तर तो कडेच्या न झिजलेल्या ओठावर टेकतो आणि माप चुकतं. डिस्कच्या दोन्ही बाजूंना, जिथे पॅड घासतो तिथे, एकेक सारखंच नाणं धरा, तिन्हींची जाडी मोजा, मग नुसती दोन नाणी मोजून ती वजा करा. चार ठिकाणी मोजा. चाक फिरवून काट्याला बांधलेल्या सुईच्या टोकासमोर डिस्क डोलते का बघा. साधारण 0.3 मिलिमीटरपेक्षा जास्त डोलत असेल तर लिव्हरला ठोके जाणवणारच. दगडाचा मार बसून डिस्क वाकणं या गाड्यांत नेहमीचं आहे. वाकलेली किंवा चर पडलेली डिस्क लेथवर चढवून साफ करून घ्यायचा मोह होतो, आणि उद्यमनगरात लेथवर हात बसलेल्या कारागिरांची वाण नाही. तरी ते करू नका. या डिस्क मुळातच चार-पाच मिलिमीटरच्या, घासकामासाठी त्यांच्यात शिल्लकच नसते. नवी डिस्क घ्या, तिचे बोल्टही नवे घ्या किंवा लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारं द्रव) लावून बसवा.

आधीचे पॅड वेगळ्या जातीचे असतील तर डिस्कवर त्यांचा थर बसलेला असतो. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोलगोल हलक्या हाताने घासा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. नंतर डिस्कला आणि पॅडच्या तोंडाला बोट लावू नका.

नवे पॅड घालताना पॅडचं एक टोक ब्रॅकेटच्या खाचेत गेलं पाहिजे आणि दुसऱ्या टोकाच्या भोकातून पिन. खाच दिसत नाही, म्हणून पॅड बाहेरच राहतो, पिन तरीही जाते, आणि सगळं नीट बसलंय असं वाटतं. पॅड स्प्रिंगच्या विरुद्ध दाबून धरल्याशिवाय पिन सरळ जात नाही, ती सहज जात असेल तर पुन्हा बघा. पिनेवर पॅडने पाडलेल्या खाचा असतील तर पिन बदला, नाहीतर पॅड त्या खाचेत अडकून परत येत नाही. कॅलिपर डिस्कवर चढवताना दोन्ही पॅडच्या मधून डिस्क जाते ना बघा, जोर करू नका. बोल्ट किती आवळायचे याचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. 8 मिलिमीटरच्या कॅलिपर बोल्टला तो साधारण 22 ते 30 न्यूटन-मीटर आणि पॅडच्या पिनेला 15 ते 20 च्या घरात असतो. एबीएसची वायर चाकाला किंवा होजला घासत नाही ना, हेही तेव्हाच बघून घ्या.

आता गाडी जागची हलवण्याआधी लिव्हर दाबत राहा. पहिले पाच-सहा स्ट्रोक रिकामे जातील, मग ती घट्ट होईल. पिस्टन मागे ढकललेले असताना लिव्हर न दाबता गाडी गल्लीत काढली की पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही. पॅड बदलल्यानंतर असे अपघात होतात. मागचे पॅड बदललेत तर पेडललाही हेच लागू, आणि मागच्या पेडलला मोकळी चाल राहिलीय याची खात्री करा. टाकीतलं ऑइल खुणांच्या मध्ये ठेवून झाकण लावा. नव्या पॅडवर काठोकाठ भरू नका, तापल्यावर त्याला फुगायला जागा लागते.

ऑइल बदलायचं असेल तर ते पॅड बसवल्यानंतर करा. ब्लीडरला (कॅलिपरवरच्या ऑइल सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलात बुडवा. लिव्हर दाबून धरायची, ब्लीडर पाव आटा उघडायचा, बंद करायचा, मगच लिव्हर सोडायची. नळीतून बुडबुडे न येता स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे करत राहा आणि टाकी मध्ये रिकामी पडू देऊ नका. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला शोरूमचं स्कॅनर लागू शकतं.

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ द्या. शहराबाहेरचा सपाट, मोकळा रस्ता बघा, एमआयडीसीत सुट्टीच्या सकाळी तो सहज मिळतो. ताशी 50 वरून 10-15 पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, परत वेग धरा, मध्ये अर्धा किलोमीटर थंड होऊ द्या. असं वीस-पंचवीस वेळा. तापलेला ब्रेक दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी छापला जातो आणि पुढे लिव्हर थरथरते. पहिले 150-200 किलोमीटर घाट नको.

आवाजाचं म्हणाल तर, सिंटर्ड पॅड सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरतो, रात्रीच्या पावसाने डिस्कवर आलेला गंज पुसला जात असतो, ते सोडून द्या. सततची किरकिर असेल तर पॅड काचेसारखा चकचकीत झालाय का बघा. उतारावर ब्रेक हलका धरून ठेवला की असं होतं. काचेच्या तुकड्यावर 120 चा पेपर ठेवून पॅड आठच्या आकड्यात घासा, चमक जाईपर्यंतच. पॅडवर तेल गेलं असेल तर तो भाजून, जाळून, धुवून परत येत नाही, फेकून द्या आणि तेल कुठून आलं ते शोधा. पुढे काट्याचं सील गळत असतं, मागे साखळीवर मारलेला स्प्रे उडालेला असतो. तिसरं कारण वॉशिंग सेंटर. गाडी धुतल्यावर चमक यावी म्हणून खालून डिझेल मारायची पद्धत आहे. गाडी सोडतानाच ‘डिझेल मारायचं नाही’ म्हणून सांगा, आणि प्रेशरचं पाणी कॅलिपरच्या रबरांवर जवळून नको, हेही सांगा. राडीतून आल्यावर घरच्या नळाच्या साध्या पाण्याने, माती ओली असतानाच, कॅलिपर धुतला तर पुरतं.

करूळ असो, भुईबावडा असो की फोंडा, उतरताना ज्या गिअरमध्ये इंजिन वेग धरून ठेवतं तोच गिअर ठेवा. दुसरा लागला तर दुसरा. ब्रेक वळणाआधी जोरात आणि थोडा वेळ, मग पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळातच डिस्कला वारा लागतो. ओढा ओलांडलात की पुढच्या पन्नास मीटरमध्ये दोन्ही ब्रेक हलके दाबून पॅड कोरडे करून घ्या.

2019 आणि 2021 च्या पुरात शहरातल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. तुम्ही गाडी जुनी घेतली असेल तर पिनांची आणि पिस्टनची तपासणी वर सांगितलेल्यापेक्षा कडक करा, ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी बदला, आणि चाक उचललंच आहे तर बेअरिंग हाताने फिरवून बघा. त्यात खरखर लागली तर डिस्क डोलण्याचं कारणही कदाचित तिथेच सापडेल.